तांबे मोजत राहण्याबद्दल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर तालुक्याच्या गावी आयुष्यभर मुलांवर उपचार करत राहिले. त्यांना अभिवादन करताना एखाद्या नव्या शोधाबद्दल बोलण्यापेक्षा, शोध लागून गेल्यावर जे काम वर्षानुवर्षे करत राहावे लागते त्याबद्दल बोलावे असे मला वाटले. म्हणून आजचा विषय विल्सनचा आजार, आणि त्यातलाही एक छोटा भाग: उपचार सुरू असलेल्या रुग्णाच्या अंगातले तांबे मोजत राहणे.

आनुवंशिक आजार म्हटला की पुढे 'याला औषध नाही' हे ऐकायची आपल्या मनाची तयारी असते. विल्सनच्या आजाराला औषध आहे. वेळेत निदान झाले आणि गोळ्या नीट चालू राहिल्या, तर रुग्ण शिकतो, नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. तरीही माझ्यासारख्या यकृताच्या डॉक्टरांना या आजाराने दगावलेली तरुण मुले पाहावी लागतात. त्यांतल्या कित्येकांचे निदान वेळेवर झालेले असते, औषधही सुरू झालेले असते. मध्येच कुठेतरी तपासणी सुटलेली असते आणि तिच्यामागोमाग गोळ्याही.

तांबे शरीराला हवेच असते. रोजच्या जेवणातून साधारण १ ते ३ मिलिग्रॅम तांबे पोटात जाते, त्यातले गरजेपुरते वापरले जाते आणि उरलेले यकृत पित्तावाटे आतड्यात सोडून देते. पित्तात तांबे सोडण्याचे काम यकृताच्या पेशीतले एक प्रथिन करते. त्याचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे, त्याला एटीपी७बी म्हणतात, आणि ते १९९३ साली सापडले. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची बिघडलेली प्रत आली की मूल आजारी होते. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस वाहक असतो, त्याला काही होत नाही. साधारण ३०,००० माणसांमागे एकाला हा आजार असतो, आणि ९० माणसांमागे एक वाहक असतो असे ढोबळ गणित मांडतात. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न लावण्याची चाल आहे. अशा घरांत दोन वाहक एकत्र येण्याचा संभव अर्थातच वाढतो.

न्हाणीघराची मोरी तुंबली की काय होते ते पाहा. नळाला पाणी नेहमीइतकेच येते, पण ते जायला वाट नसल्याने जमिनीवर साठते आणि शेवटी उंबरा ओलांडून घरात शिरते. विल्सनच्या आजारात तांब्याचे असेच होते. आधी ते यकृतात साठते. तिथली जागा संपली की रक्तात उतरते आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंडे, हाडे असे मिळेल तिथे जाऊन बसते. आपल्याकडे उपचार दोन प्रकारचे आहेत. पेनिसिलामिन आणि ट्रायएंटिन साठलेले पाणी बादलीने उपसून काढतात, म्हणजे तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेतात. जस्ताच्या गोळ्या नळ बारीक करतात. जस्तामुळे आतड्याच्या पेशींत तांबे धरून ठेवणारे प्रथिन तयार होते आणि त्या पेशी झडल्या की तांबेही शौचावाटे निघून जाते. मोरी मात्र यांतल्या कुठल्याच औषधाने मोकळी होत नाही. यकृताचे प्रत्यारोपण झाले तरच ती मोकळी होते. म्हणून औषध जन्मभर घ्यावे लागते. या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

हा आजार फसवा आहे. शाळकरी मुलात तो बहुधा कावीळ म्हणून येतो, पोटात पाणी होते, पाय सुजतात. पंधरा-वीस वर्षांच्या मुलात तो मेंदूवाटे प्रकट होतो. अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, लाळ गळते, हात थरथरतात, अभ्यासातून लक्ष उडते, स्वभाव चिडका होतो. घरचे आधी रागावतात, मग देवऋषी होतो, मग मानसोपचार होतात. बुबुळाच्या कडेला साठलेल्या तांब्याचे तपकिरी-हिरवे कडे एखादा नेत्रतज्ज्ञ पाहतो आणि मग गाठ सुटते. हे कडे १९०२ साली कायझर आणि १९०३ साली फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी नोंदवले होते. १९१२ साली लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या सॅम्युअल किनियर विल्सन यांनी आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूबरोबर यकृतही खराब झालेले असते हे त्यांनी दाखवले. दोष तांब्याचा आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या वर्णनातला हा आजार जीव घेऊनच थांबणारा होता.

आपल्याकडे या आजाराचा पद्धतशीर अभ्यास मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात झाला. डॉ. दस्तूर, डॉ. मंघानी आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १६ कुटुंबांतल्या रुग्णांवरचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. हाडे आणि स्नायूंवर आघात करणारे आजाराचे रूप भारतीय रुग्णांत ठळकपणे दिसते, हे जगापुढे आले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तीन दशकांत पाहिलेल्या २८२ रुग्णांची माहिती २००७ साली छापली. हा आजार आपला नाही, परदेशातला आहे, असे कुणी समजत असेल तर त्याने ही दोन कामे वाचावीत.

आता मोजमापाकडे येते. या आजारावरचे पोटात घ्यायचे पहिले औषधच लघवीतले तांबे मोजून सापडले. त्याआधी होते ते बीएएल नावाचे इंजेक्शन, विषारी वायूवर उतारा म्हणून तयार झालेले आणि टोचून घ्यायला फार दुखणारे. पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत पेनिसिलामिन नावाचा पदार्थ उतरतो, हे जॉन वॉल्श या तरुण इंग्रज डॉक्टरांना लंडनमध्ये असताना दिसले होते. पुढे ते बोस्टनला गेले. तिथे विल्सनच्या आजाराचा रुग्ण पाहिल्यावर त्यांच्या मनात आले, की या रेणूची रचना तांब्याला धरून ठेवण्याजोगी आहे. त्यांनी तो पदार्थ मिळवला, आधी स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णाला दिला आणि लघवीतले तांबे मोजले. ते झपाट्याने वाढले होते. १९५६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ज्यांना पेनिसिलामिन सोसत नाही त्यांच्यासाठी १९६९ साली ट्रायएंटिनही त्यांनीच पुढे आणले. हे गृहस्थ २०२२ साली, शंभरी ओलांडून, वारले. एका माणसाच्या हयातीत एक जीवघेणा आजार गोळीने आवरता येऊ लागला, हे मला आजही विलक्षण वाटते.

लघवीतले तांबे मोजायचे म्हणजे चोवीस तासांची लघवी गोळा करायची. ऐकायला हे सोपे वाटते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली, अशी सगळी एका बाटलीत जमा करायची. बाटली प्लास्टिकची आणि धातूचा अंश काढून टाकलेली असावी लागते, म्हणून ती प्रयोगशाळेतूनच न्यायची. घरचा डबा चालत नाही. शाळेत जाणारे मूल दुपारची लघवी शाळेतच करून येते. मजुरीला जाणारी बाई बाटली शेतावर नेत नाही. एकदा एका मुलाचा आकडा इतका मोठा आला की कुणाचाच विश्वास बसेना. खोदून विचारले तेव्हा आजीने सांगितले की नातवाने तांब्याच्या तांब्यात लघवी केली आणि तिने ती बाटलीत ओतली. आजीने मायेने केले होते, कुणी तिला नीट सांगितलेच नव्हते. सूचना तोंडी द्यायच्या, मराठीत छापून द्यायच्या आणि बाटली नेणाऱ्याकडून परत वदवून घ्यायच्या, असा माझा आग्रह असतो. लघवीतले क्रिएटिनिन सोबत तपासले तर बाटलीत पूर्ण चोवीस तासांचे आहे की नाही याचा अंदाज येतो. ती तपासणी महाग नाही, आणि ती करायलाच हवी.

आता आकडा हातात आला. समजा, दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम. हा चांगला की वाईट? रुग्ण पेनिसिलामिनवर असेल आणि उपचाराला वर्ष उलटून गेले असेल, तर चांगला. या टप्प्यावर दिवसाला २०० ते ५०० मायक्रोग्रॅम तांबे बाहेर पडावे अशी अपेक्षा असते. पहिल्या काही महिन्यांत तोच आकडा हजारच्या वर जाऊ शकतो, कारण साठा मोठा असतो. पण रुग्ण जस्तावर असेल तर ३०० हा आकडा काळजीचा आहे. जस्त लघवीतून तांबे काढत नाही, ते आत येणारे रोखते. उपचार लागू पडत असेल तर साठा उतरत जातो आणि लघवीतले तांबेही कमी होत जाते. ते दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली, शक्य तर ७५ च्या आसपास यावे लागते. म्हणजे ३०० चा एकच आकडा एका रुग्णाला शाबासकी देतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत धोक्याची सूचना देतो. रिपोर्टवर मात्र दोघांच्याही आकड्यासमोर 'जास्त' असेच छापलेले असते, कारण तिथली सामान्य मर्यादा निरोगी माणसाची असते. रिपोर्टवरचा ठळक ठसा पाहून औषध बदलू नका, असे मी रुग्णांना आणि तरुण डॉक्टरांना सारखे सांगत असते.

याहून अवघड आहे तो कमी आलेला आकडा. पेनिसिलामिनवरच्या रुग्णाच्या लघवीत तांबे फार कमी निघाले तर त्याचे दोन अर्थ निघतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक, रुग्ण गोळ्या घेतच नाही. दोन, गोळ्या गरजेपेक्षा जास्त झाल्या आणि अंगातले तांबे संपत आले. पहिल्यात औषधाचा आग्रह धरायचा, दुसऱ्यात मात्रा कमी करायची. उलटे झाले तर नुकसान होते.

इथे रक्त मदतीला येते. रक्तातले बहुतेक तांबे सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात बांधलेले असते. ते निरुपद्रवी. घातक असते ते न बांधलेले, मोकळे तांबे. विल्सनच्या आजारात सेरुलोप्लाझ्मिनच कमी असते, म्हणून रक्तातले एकूण तांबेही कमी दिसते. एक उदाहरण घेऊ. रक्तातले एकूण तांबे दर डेसिलिटरला ५५ मायक्रोग्रॅम, आणि सेरुलोप्लाझ्मिन ८ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम सेरुलोप्लाझ्मिन सुमारे ३.१५ मायक्रोग्रॅम तांबे बाळगते. आठाला ३.१५ ने गुणले की २५ येतात. ५५ मधून २५ गेले, उरले ३०. हे मोकळे तांबे. निरोगी माणसात ते ५ ते १५ असते. म्हणजे एकूण तांबे कमी दिसत असूनही या रुग्णाच्या रक्तात मोकळे तांबे दुप्पट आहे, आणि नेमके तेच मेंदूपर्यंत जाते. उपचार नीट चालू असले की हा आकडा १५ च्या खाली येतो. ५ च्याही खाली गेला तर औषध जास्त झाल्याची शंका घ्यायची. लघवीतले तांबे कमी आणि मोकळे तांबे जास्त असेल तर गोळ्यांना खाडा पडतो आहे. दोन्ही कमी असतील तर मात्रा उतरवायची वेळ आली आहे.

या गणितात एक दोष आहे. सेरुलोप्लाझ्मिन मोजण्याची नेहमीची पद्धत तांबे नसलेले रिकामे प्रथिनही मोजते, त्यामुळे कधीकधी वजाबाकीचे उत्तर शून्याखाली येते. मोकळे तांबे शून्याखाली असूच शकत नाही. असे उत्तर आले की ते बाजूला ठेवावे आणि रुग्णाकडे पाहावे. वजाबाकी न करता हे तांबे थेट मोजण्याच्या पद्धती गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आहेत. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्यात पुष्कळ काम केले आहे. या तपासण्या आपल्या जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचायला हव्यात. एककांचाही घोळ होतो. काही प्रयोगशाळा मायक्रोग्रॅममध्ये सांगतात, काही मायक्रोमोलमध्ये, आणि एक मायक्रोमोल म्हणजे साडेत्रेसष्ट मायक्रोग्रॅम. दोन गावांतले दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी एकक वाचावे.

औषध जास्त होण्याबद्दल दोन शब्द, कारण ते फार कमी बोलले जाते. अंगातले तांबे फार कमी झाले की रक्त कमी होते, पांढऱ्या पेशी घटतात, आणि ते लक्षात आले नाही तर मज्जारज्जूला इजा होते. पाय मुंग्यांनी भरतात, चालताना तोल जातो. असा रुग्ण पाहिला की 'आजार मेंदूत वाढला' असे वाटून कुणी औषध आणखी वाढवले, तर इजा खोल होत जाते. जस्त वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हा धोका विशेष. म्हणून साधा हिमोग्राम हासुद्धा तांबे मोजण्याचाच भाग समजावा. पेनिसिलामिन घेणाऱ्यांत तर तो दुहेरी कामाचा आहे, कारण ते औषध स्वतःही रक्तपेशी कमी करू शकते आणि लघवीतून प्रथिन जायला लावते.

आता पुण्यातल्या एका कामाकडे वळते, कारण त्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर बोलता येणार नाही. एकेकाळी आपल्याकडे एक-दोन वर्षांची गुटगुटीत बाळे यकृत कडक होऊन दगावत. त्याला भारतीय बालयकृत सिरोसिस म्हणत. घरोघर त्याचे नुसते भय असे, कारण एक मूल गेले की पाठचेही जायचे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह, या घरांतल्या भांड्यांची चौकशी केली. १९८३ साली त्यांनी लॅन्सेटमध्ये मांडणी केली, की बाळाला लवकर सुरू केलेले वरचे दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवले आणि ठेवले जाते, दुधात तांबे उतरते आणि बाळाच्या यकृतात साठते. या बाळांच्या यकृतात तांबे विल्सनच्या रुग्णांपेक्षाही जास्त सापडत असे. घरात स्टील आणि अॅल्युमिनियम आले, मातांना सांगितले गेले, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ज्या बाळांना वेळेत पेनिसिलामिन मिळाले त्यांतली काही वाचली, आणि पुढे त्यांचे औषध थांबवताही आले. त्या बाळांच्या यकृताची वाट मोकळी होती, तांबे बाहेरून आले होते. विल्सनच्या रुग्णाचे तसे नाही. नातेवाईक विचारतात, 'पुण्याला एका बाळाचं औषध बंद केलं, मग आमच्या मुलाचं का नाही?' त्यांना हा फरक शांतपणे समजावून सांगावा लागतो.

पथ्याचेही विचारतात. कलेजी, खेकडे, कालवे, तिसऱ्या, काजू, शेंगदाणे, तीळ, चॉकलेट आणि अळिंबी यांत तांबे जास्त असते. निदान पहिले वर्षभर हे टाळावे आणि पुढेही बेताने खावे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांना हे जड जाते, मला ठाऊक आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी विल्सनच्या रुग्णाने पिऊ नये. घरच्या निरोगी माणसांनी प्यावे की न प्यावे हा त्यांचा प्रश्न. पण पथ्य पाळले म्हणून गोळी सोडता येत नाही.

सगळ्यात जास्त खाडे पडतात ते रुग्ण बरा दिसू लागल्यावर. कावीळ गेली, अक्षर सुधारले, कॉलेजला जाऊ लागला. मग रोज उपाशी पोटी घ्यायच्या गोळ्या कशाला? आणि त्याला लगेच काही होत नाही. काही महिने, कधी वर्षभर तो ठणठणीत राहतो, आणि मग एक दिवस कावीळ उसळते. या वेळी ती आवरत नाही. वॉल्श आणि डिक्सन यांनी १९८६ साली औषध सोडलेल्या रुग्णांची हकीकत छापली. त्यांतल्या बहुतेकांचा काही वर्षांतच मृत्यू झाला होता. अशा वेळी यकृत बदलण्याशिवाय मार्ग उरत नाही, आणि दाता वेळेवर मिळेलच याची खात्री नसते.

मुलींच्या बाबतीत एक वेगळे दुःख आहे. लग्न ठरवताना आजार लपवला जातो. लग्नानंतर मुलगी सासरी गोळ्या कुठे ठेवणार? ती माहेरी आली की घेते, परत गेली की थांबते. दिवस गेले की 'बाळाला त्रास होईल' म्हणून उरलेल्याही सुटतात. मला इथे बसलेल्या प्रत्येक आईबापाला सांगायचे आहे की गरोदरपणातही औषध चालू ठेवायचे असते. पेनिसिलामिनची मात्रा डॉक्टर कमी करतात, बंद करत नाहीत. जस्ताची तशीच राहते. औषध सोडणे हाच आईला आणि बाळाला खरा धोका. आणि होणाऱ्या बाळाला हा आजार असण्याची शक्यता, नवरा नात्यातला नसेल तर, दोनशेत एकाच्या आसपास असते. हे सासरच्यांना समजावता येते. समजावून सांगायला डॉक्टर तयार असतात, त्यांना बोलवा. मी अशा घरी जाऊन बोललेली आहे, आणि ऐकून घेणारी माणसे मला तिथे भेटलेली आहेत.

उपचार सुरू असलेल्या रुग्णाने स्थिरावल्यावर वर्षातून किमान दोनदा दाखवायला यायचे असते. यकृताच्या तपासण्या, हिमोग्राम, रक्तातले तांबे, सेरुलोप्लाझ्मिन, आणि वर्षातून एकदा तरी चोवीस तासांची लघवी. बुबुळाचे कडे नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्यायचे. उपचारांनी ते पुसट होत जाते, आणि गेलेले कडे पुन्हा दिसू लागले तर गोळ्यांबद्दल विचारायचे. विचारताना आवाज चढवायचा नाही. रागावलेल्या डॉक्टरकडे रुग्ण पुन्हा येत नाही, आणि तो आला नाही तर त्याचे तांबे कोण मोजणार?

शासनाकडे आणि मोठ्या रुग्णालयांकडे माझे एकच मागणे आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पेनिसिलामिन आणि जस्त खंड न पडता मिळावे आणि चोवीस तासांच्या लघवीची योग्य बाटली विनामूल्य द्यावी. तपासणी मुंबई-पुण्यात झाली तरी चालेल, नमुना पाठवता येतो. रुग्णाला दर सहा महिन्यांनी मजुरी बुडवून पाठवणे चालत नाही.

आणि श्रोत्यांकडे मागणे असे. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणाला हा आजार असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी या महिन्यातच करून घ्या, ती कितीही धडधाकट दिसत असली तरी. प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. लक्षणे दिसण्याआधी गोळ्या सुरू झाल्या आणि त्या सुटल्या नाहीत, तर त्या भावंडांना आजाराचा त्रास बहुधा जन्मभर होतच नाही.